दोरी घ्या, टेबल घरातच ठेवा: उन्हाळ्यात लहान मुलांना घराबाहेर कसं शिकवावं

मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं की उन्हाळ्यात सगळा पसारा बाहेर मांडायचा मोह होतो. मीही मांडला होता: घडीचं टेबल, वह्या, रंगपेटी, अंकांचे तक्ते. दहाव्या मिनिटाला तक्ते वाऱ्यावर गेले. मी ते गोळा करेपर्यंत मुलगी कुंपणापाशी जाऊन बसली, ती उठेचना. तिथे मुंग्या एका मेलेल्या नाकतोड्याला ओढून नेत होत्या. मुंग्या किती, हे तिने तीनदा मोजलं आणि तिन्ही वेळा वेगळं उत्तर आलं. अंकांचा धडा झालाच की तो! तेव्हापासून टेबल घरातच असतं.

पुढची पद्धत साधारण ४ ते ७ वर्षांच्या मुलांसाठी आहे.

१. मुलाच्या उंचीची दोरी कापा

मुलाला भिंतीला टेकून उभं करा आणि टाचेपासून डोक्यापर्यंत नेमकी बसेल एवढी दोरी कापा. बाहेर गेलं की आधी ती त्याच्या सावलीवर अंथरायची. सावली दोरीपेक्षा लांब भरली तर सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांच्या खाली आहे, खेळायला हरकत नाही. सावली आखूड भरली तर सूर्य त्याच्या वर चढलाय आणि अतिनील किरण तीव्र झालेत, म्हणून झाडाखाली किंवा घरात जायचं. ‘आता आत चल’ हे आपण सांगितलं की रडारड होते. दोरीने सांगितलं की मूल स्वतःच आपल्याला आत ओढतं. सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत बहुतेकदा दोरी ‘आत’ असंच म्हणते.

याच दोरीची मधोमध घडी घातली की अर्धा, आणखी एक घडी घातली की पाव. झाडाचा बुंधा किती दोऱ्यांचा, हे मुलांना सेंटिमीटरपेक्षा लवकर कळतं. फक्त दोरी गळ्यात घालू देऊ नका. काम झालं की ती तुमच्या खिशात.

२. एकच जागा धरा

रोज नवी बाग नको. सावली असलेली एकच जागा ठरवा आणि महिनाभर तिथेच जा. काल बंद असलेली कळी आज उमललीय, हे कालची कळी पाहिलेल्यालाच दिसतं.

३. निघायची तयारी

टोपी, सैल सुती कपडे, पाणी. तहान लागायची वाट न बघता दर वीस मिनिटांनी थोडे घोट द्या. किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन निघण्याआधी पंधरा मिनिटं लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा लावा. सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे रोज बजावा.

४. एका दिवशी एकच गोष्ट

पाण्याने अक्षरं: फरशीवर ओल्या ब्रशने अक्षरं काढायला द्या. शेवटचं अक्षर होईपर्यंत पहिलं वाळायला लागतं. चुकलेलं अक्षर ऊनच खोडून टाकतं, त्यामुळे चुकायची भीती राहत नाही. पाणी कुठे गेलं, असं मूल विचारेल. लगेच ‘बाष्पीभवन’ म्हणू नका. थोडं पाणी सांडा, त्याच्या कडेने खडूची रेघ ओढा आणि अर्ध्या तासाने परत बघा. मग तो शब्द सांगितला तर लक्षात राहतो.

सावलीची काठी: बोथट टोकाची काठी जमिनीत रोवा. दर तासाला सावलीच्या टोकाशी एक खडा ठेवायचा. भर उन्हात दोन मिनिटांत खडा ठेवून परत सावलीत. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते, म्हणून सावली सरकते. सावली सगळ्यात आखूड होते तेव्हा घड्याळात बाराच वाजलेले असतील असं नाही, कारण लांबरुंद प्रदेशात सगळ्यांचं घड्याळ एकच असतं, सूर्य मात्र प्रत्येक गावी आपल्या वेळेला माथ्याकडे येतो. मोठ्यांनाही हे बघून गंमत वाटते.

मुंग्यांची वाट: खाणं सापडलेली मुंगी परतताना जमिनीवर वासाची वाट आखत येते आणि बाकीच्या त्या वासावर चालतात. रांगेत आडवं बोट घासा. मुंग्या थबकतात, भिरभिरतात आणि थोड्या वेळाने पुन्हा वाट धरतात. मुंग्या चावऱ्या असतील तर बोटाऐवजी ओला फडका वापरा.

यातलं काहीही वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा ताणू नका. उरलेला वेळ मातीत लोळण्याचा आहे आणि तो वाया जात नाही.

५. कधी थांबायचं

मूल उगाच चिरचिर करतंय, डोकं दुखतंय, मळमळतंय म्हणतंय तर ताबडतोब गारव्यात न्या, पाणी पाजा, अंग ओल्या कपड्याने पुसा. असंबद्ध बोलू लागलं किंवा गुंगीत गेलं तर अंग गार करत तातडीची वैद्यकीय मदत बोलवा आणि अशा अवस्थेत तोंडात पाणी घालू नका.

६. नोंद घरी आल्यावर

दमलेल्या मुलाला लिहायला बसवू नका. ते बोलेल तसं तुम्ही लिहा, चित्र त्याला काढू द्या. चूक दुरुस्त करायची नाही, हे मला फार जड गेलं. मुलीने मुंगीला दहा पाय काढले होते. मी गप्प बसले. आठवड्याने भिंग घेऊन ती पुन्हा कुंपणापाशी गेली, घरी आली, वही उघडली आणि चार पाय खोडून टाकले.