रशियन करारातल्या मुदती इंग्रजीत आणताना या चुका टाळा

पुण्यात बसून रशियन करारांची इंग्रजी भाषांतरं करते, नवीन मुलांची कामं तपासते, आणि दर वेळी गाडी अडते ती तारखांवरच.

सगळ्यात आधी 'देकादा'. दिसला की मुलं सरळ 'डीकेड' लिहितात. अरे, रशियनमध्ये देकादा म्हणजे दहा दिवस! महिन्याचे तीन तुकडे, १ ते १०, ११ ते २० आणि उरलेले. एकदा न्यूजप्रिंटच्या करारात माल जूनच्या दुसऱ्या देकादात जहाजावर चढवायचा होता. मुलाला डीकेड खटकलं हे चांगलंच, पण डिक्शनरी उघडायची सोडून त्याने अंदाजाने 'सेकंड वीक' ठोकून दिलं. आयातदाराने त्यावरून एलसीत, म्हणजे बँकेच्या पैसे देण्याच्या हमीपत्रात, शेवटची शिपमेंट डेट १४ जून घातली, माल चढला १८ ला, बँकेने डिस्क्रिपन्सी, म्हणजे एलसी आणि कागदांतली तफावत, काढून कागद अडकवले. रशियन सप्लायर ओरडतोय आम्ही वेळेत आहोत, आणि तो बरोबरच होता. शेवटी आयातदाराने डिस्क्रिपन्सी मान्य केली तेव्हा कागद सुटले. मी आता आकडेच लिहिते, 'फ्रॉम ११ टू २० जून इन्क्लुझिव्ह'.

दुसरं 'दो'. 'दो १ मार्ता' म्हणजे साधारणपणे १ तारखेच्या आधी, तिथे 'बाय' लिहिलंत की एक दिवस फुकट वाढवून दिलात, आणि रोजचा दंड लावलेला असला तर त्या एका दिवसावरून भांडणं होतात. 'बिफोर' लिहा. 'पो' असेल तर ती तारीख धरून. शंका आली तर क्लायंटला फोन करा, स्वतःच्या मनाने ठरवू नका.

प्रस्रोच्का म्हणजे मुदत चुकवणं, अत्स्रोच्का म्हणजे पैसे नंतर द्यायची सवलत, रस्स्रोच्का म्हणजे हप्ते. घाईत वाचलं की तिन्ही सारखेच दिसतात.

'स्रोच्नी' नोकरीचा करार 'अर्जंट' नसतो, फिक्स्ड-टर्म असतो.

'फ त्येचेनिये' म्हणजे 'विदिन', 'ड्युरिंग' नाही. 'पा इस्त्येचेनिई' म्हणजे मुदत संपल्यावर, अगदी उलट.

आणि दिवस मोजून बघा, मशीनने भाषांतर दिलं तरी. रशियन सिव्हिल कोडच्या कलम १९१ प्रमाणे मोजणी दुसऱ्या दिवसापासून सुरू होते आणि कलम १९३ प्रमाणे शेवटचा दिवस सुट्टीचा आला तर मुदत पुढच्या कामाच्या दिवशी संपते. माझ्या टेबलाशेजारी भिंतीवर कॅलेंडर आहे, त्यावर पेन्सिलीने गोल करते. नोटीस २९ एप्रिलला मिळाली, मुदत दहा दिवस, तर ३० एप्रिल हा पहिला दिवस आणि दहावा येतो ९ मेला, तिकडच्या विजय दिनाला. म्हणून गोल त्याच्या पुढच्या कामाच्या दिवसावर.