कोडच्या साफसफाईला सुरुवात कुठून करावी?

जुन्या प्रकल्पातील कोड सुधारायला घेताना सर्वांत कुरूप फाइलीपासून सुरुवात करण्याचा मोह होतो. पण जी फाइल तीन वर्षांत कोणी उघडलेलीच नाही, तिचा त्रासही सहसा कोणाला होत नसतो. त्याऐवजी गेल्या वर्षभरात कोणत्या फाइली सर्वाधिक वेळा बदलल्या, याची यादी गिटच्या (कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या) नोंदींतून काढावी आणि त्या फाइलींमधील फंक्शनांची, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांची, सायक्लोमॅटिक कॉम्प्लेक्सिटी तपासावी. फंक्शनमधील स्वतंत्र वाटा मोजणारे हे माप थॉमस मॅकेब यांनी १९७६ मध्ये मांडले आणि १० ही मर्यादाही त्यांनीच सुचवली. (अर्थात अनेक पर्यायांतून एक निवडणारा लांबलचक पण सरळ स्विचही या मापात भयंकर दिसतो, म्हणून आकड्यावर न थांबता कोड वाचावाच.) वारंवार बदलणारी आणि गुंतागुंतीचीही असलेली फंक्शने आधी हाती घ्यावीत.

हात लावण्यापूर्वी सध्याचे वर्तन, त्यातील चुकांसकट, टेस्टमध्ये, म्हणजे कोड आपोआप तपासणाऱ्या कोडमध्ये, पकडून ठेवावे. मग मधेच उघडा पडलेला ८६४०० हा आकडा ‘एका दिवसातील सेकंद’ अशा अर्थाच्या नावाखाली ठेवावा. फंक्शनला हाक मारताना नुसतेच ‘ट्रू, फॉल्स’ दिले जात असेल, तर त्यातले कोणते कशासाठी हे वाचणाऱ्याला कळत नाही. तेथे अर्थ सांगणाऱ्या नावांची वेगळी फंक्शने करावीत. अशी साफसफाई आणि नवे फीचर मात्र एकाच कमिटमध्ये, म्हणजे गिटमधील बदलांच्या एकाच नोंदीत, मिसळू नये, कारण पुढे काही बिघडल्यास दोष नेमका कोणत्या बदलातून आला हे शोधणे जिकिरीचे होते.