बोटातली नाडी दिसेना तेव्हा

हिरव्या एलईडीचा छोटा सेन्सर बोटाला लावून त्वचेतल्या रक्ताची लय मोजायची होती. रक्त हिरवा प्रकाश शोषतं, म्हणून ठोक्यागणिक परत येणारा प्रकाश किंचित कमी-जास्त होतो. किंचित म्हणजे जेमतेम टक्का-दोन टक्के. माझ्या आलेखावर तेवढंही नाही, नुसती सपाट रेघ.

दोन संध्याकाळी कोड उकरण्यात गेल्या. मग सहज नखाकडे पाहिलं, तर पांढरंफटक! क्लिप इतकी आवळलेली की रक्ताला आत शिरायला जागाच नव्हती. ती काढून वेल्क्रोची पट्टी सैलसर गुंडाळली, वर काळं कापड टाकलं, गार हात चोळून गरम केले. ठोके लगेच उमटले, प्रत्येक ठोक्याच्या उतरणीवरच्या बारीक खाचेसकट.

पण मला हवी होती ती संथ लाट, साधारण १० सेकंदांना एक, सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या आकुंचन-प्रसरणाची. ती गायब. दोष माझाच: कोडमधला फिल्टर ०.५ हर्ट्झच्या (हर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती वेळा) खालचं, म्हणजे संथ, सगळं गाळत होता आणि ही लाट ०.१ हर्ट्झच्या आसपासची. मर्यादा ०.०५ वर आणली आणि हात टेबलावर टेकवून ५ मिनिटं अजिबात न हलता बसलो (हेच सगळ्यात अवघड गेलं). आता ठोक्यांची रांग त्या लाटेवर हेलकावताना दिसते.