पावसाआधीचं लसीकरण: मृत लस गोठू देऊ नका

गाई-म्हशींच्या घटसर्प, फऱ्या आणि लाळ खुरकूत या रोगांच्या नेहमीच्या लसी मृत, म्हणजे निष्क्रिय केलेल्या असतात. फॉर्मालिनसारख्या रसायनाने मारलेले जंतू जनावराच्या अंगात वाढत नाहीत, त्यामुळे लसीमुळे रोग होण्याची भीती नसते. पण वाढतच नाहीत म्हणून नुसत्या मृत जंतूंनी प्रतिकारशक्ती कमी येते. यासाठी लसीत ॲल्युमिनियमचा जेल किंवा तेल मिसळलेलं असतं.

लस वाया जाते ती हा जेल गोठल्यामुळे. थंड हवी म्हणून बाटली फ्रीजरमध्ये जाते किंवा थर्मासात थेट बर्फाला टेकते. गोठली की जेलचे कण एकमेकांना चिकटतात आणि वितळल्यावर सुटत नाहीत. शंका आली तर त्याच बॅचची न गोठलेली बाटली सोबत घ्या, दोन्ही हलवून अर्धा तास शेजारी ठेवा. गोठलेल्या बाटलीत साका लवकर तळाशी बसतो, वर नितळ पाणी दिसतं. अशी लस टोचू नका. तेलाच्या लसीत थर वेगळे होऊन हलवूनही एकजीव होत नसतील, तर तीही बाद. साठवण २ ते ८ अंशांतच. बर्फ आणि बाटली यांमध्ये जाड कापड किंवा पुठ्ठा हवाच. शेळ्यांच्या पीपीआर या साथीच्या रोगाची लस जिवंत असते, पूड म्हणून येते आणि गोठण सोसते. तिची सवय या लसींना लावू नका.

टोचल्यावर संरक्षण यायला दोन ते तीन आठवडे लागतात. म्हणून पावसाच्या निदान महिनाभर आधी उरका. लाळ खुरकूतीचा पहिला डोस वासराला चौथ्या महिन्यात, दुसरा महिन्याने, पुढे दर सहा महिन्यांनी. दुसरा डोस टाळला तर पहिल्याचं काम अर्धवट राहतं. घटसर्पाची जेलची लस मोठ्या जनावराला बहुधा ५ मिली, मानेची कातडी चिमटीत उचलून तिच्याखाली देतात. तेलाची लस खोल मांसात. डोस मात्र लेबलवरचाच घ्या.

दर वेळी भरण्याआधी बाटली हलवा, नाहीतर काही जनावरांना नुसतं पाणी जातं आणि काहींना गाळ. तापलेल्या, आजारी जनावराला बरं झाल्यावरच टोचा. जागेवर छोटी गाठ येणं, एक-दोन दिवस दूध घटणं चालतं. गाठ फोडू नका. टोचल्यावर अर्धा तास जनावर नजरेसमोर ठेवा, धाप लागली किंवा तोंड सुजलं तर लगेच पशुवैद्यकाला बोलवा.

तेलाची लस चुकून स्वतःच्या बोटात गेली, तर थेंबभर असली तरी लगेच दवाखान्यात जा आणि बाटली सोबत न्या. तेलामुळे सूज वाढून बोटाचा रक्तपुरवठा तुटू शकतो.