श्रावण-भाद्रपदात मेंढीची पापणी उलटून बघा

झड लागली, माळावर कोवळं गवत आलं, की थोड्याच दिवसांत वाड्या-वाड्यांवरून एकच तक्रार येते: "काल चरत होती, सकाळी वाघरीत (मेंढरं कोंडायच्या जाळीत) मरून पडली." हगवण नव्हती, ताप नव्हता. विचारलं, पापणी बघितली होती का? कुणीच बघितलेली नसते.

हे काम बहुतेक वेळा हिमोंकस या रक्तपित्या जंताचं. एक जंत दिवसाला सुमारे ०.०५ मिली रक्त खातो. पोटात हजार असले तर रोजचं ५० मिली गेलं, आणि ३० किलोच्या मेंढीत सगळं मिळून रक्त दोन लिटरच्या आसपास. नुसत्या या जंताने हगवण सहसा लागत नाही, म्हणून शंका येत नाही. खंगलेलं अंग लोकरीखाली झाकलं जातं.

रक्त कमी झालं की पापणी आतून फिकी पडते, म्हणून पावसाळाभर दर आठवड्याला खालची पापणी अंगठ्याने ओढून आतली बाजू उजेडात बघा. लाल असेल तर औषध नको. फिकट असेल तर जंतनाशक पाजा. पांढरीफटक असेल तर त्याच दिवशी पाजा आणि डॉक्टरांना बोलवा. जबड्याखाली पाणी उतरलंय का, ते संध्याकाळी चरून आल्यावर बघा. सकाळपर्यंत सूज ओसरते आणि माणूस फसतो.

अल्बेंडाझोल हे जंतनाशक दर किलो वजनाला ७.५ मिग्रॅ, म्हणजे २.५ टक्क्यांच्या बाटलीतलं ३० किलोला ९ मिली. अंदाजाने झाकणभर पाजू नका, काट्यावर वजन करा. कमी मात्रेतून वाचलेले जंत पुढे औषधाला दाद देत नाहीत. नुकत्याच फळलेल्या (गाभण राहिलेल्या) मेंढीला अल्बेंडाझोल नको, फेनबेंडाझोल डॉक्टरांना विचारून द्या. दोन आठवड्यांनी लेंड्या दवाखान्यात तपासा. जंतांची अंडी अजूनही बरीच दिसली तर औषधाचा गट बदलायला सांगा.

दुकानदार लिव्हर टॉनिकची महाग बाटली पुढे करतो. टॉनिकने जंत मरत नाही. त्या पैशात वजनकाटा येतो.

दव वाळल्यावर सोडलेल्या खांडात (कळपात) पांढऱ्या पापण्या कमी सापडतात, असं मला दिसत आलंय. जंतांच्या अळ्या ओल्या गवताच्या बुडाशी असतात, तेव्हा पार खुरटलेल्या रानात मेंढरं अडवून ठेवू नका. तळ्याकाठी चरणाऱ्यांना पातळ, घाण वासाची हगवण लागली तर चपट्या कृमींची शक्यता धरा. तिथे अल्बेंडाझोलवर विसंबू नका, दवाखाना गाठा.

बाकी कामं:
- आंत्रविषाराची लस राहिली असेल तर टोचून घेणे
- वाघरीची जागा बदलणे
- वाढलेले खूर कापणे
- विकत आणलेलं जनावर आधी वेगळं बांधणे

पांढऱ्या पापणीची मेंढी खांडाबरोबर हाकू नका, ती वाटेतच बसते. चारा, पाणी, औषध तिला जागेवरच द्या.