अंडकोषात दुखतंय? मग या चुका टाळा

सगळ्यात मोठी चूक म्हणजे लाजेपोटी गप्प बसणं. १२ ते १८ वयाची पोरं तर हमखास 'पोटात दुखतंय' एवढंच सांगतात. पोरगा ओटीपोट धरून वाकून बसलेला, एकदोन उलट्या झालेल्या, घरचे म्हणतात काहीतरी बाहेरचं खाल्लं असेल, आणि पॅन्ट खाली करून कुणी बघतच नाही, तिथे एका बाजूचा अंडकोष वर चढून आडवा झालेला असतो आणि पोरगा हातसुद्धा लावू देत नाही. हे टॉर्शन. अंडकोष ज्या दोरीवर लटकतो तिला पीळ बसतो आणि रक्त पोचायचं बंद होतं. ६ तासांच्या आत पीळ सोडवला तर तो बहुतेक वेळा वाचतो, १२ तासांनी शक्यता निम्म्यावर येते, २४ तासांनंतर क्वचितच. म्हणून पेनकिलर देऊन 'सकाळी बघू' म्हणू नका प्लीज, रात्री २ वाजता दुखलं तर २ वाजताच निघा, आणि निघताना काही खायला-प्यायला देऊ नका कारण भूल द्यावी लागू शकते.

दुखणं आपोआप थांबलं म्हणून घरी बसणं हीसुद्धा चूकच. पीळ बसतो, सुटतो, परत बसतो, असं होतं. त्यामुळे युरोलॉजिस्टना दाखवाच, ऑपरेशन लागलं तर दोन्ही बाजूंना टाके घालून ठेवतात म्हणजे दुसरीकडेही तीच भानगड नको.

आता डॉक्टर मंडळींसाठी. कोवळं पोर, अचानक दुखणं, आणि 'इन्फेक्शन असेल' म्हणून अँटिबायोटिक देऊन घरी पाठवलं, हे मला खरंच सहन होत नाही. इन्फेक्शनचं दुखणं सहसा दिवस-दोन दिवसांत हळूहळू वाढतं, सोबत लघवीला जळजळ किंवा ताप असतो. मांडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं की अंडकोष वर सरकतो, टॉर्शनमध्ये बहुतेकदा सरकत नाही, पण सरकला म्हणून निर्धास्त होऊ नका. उचलून धरल्यावर बरं वाटलं तर इन्फेक्शनच, हा जुना नियमही भरवशाचा नाही. कलर डॉपलर (रक्त पोचतंय का ते दाखवणारी सोनोग्राफी) चांगली तपासणी आहे, पण लक्षणं स्पष्ट असतील तर सोनोग्राफीवाल्याची वाट बघत तासभर घालवण्यापेक्षा थेट ऑपरेशन थिएटरमध्ये घ्या.

खेळताना लागलं असेल तर कळ थोड्या वेळात ओसरते, तासाभरानंतरही दुखतंय तर दाखवा. मार लागल्यावरही पीळ बसू शकतो.

इन्फेक्शनच निघालं तर कोर्स अर्धवट सोडू नका, घट्ट अंडरवेअरचा आधार द्या, बर्फ कापडात गुंडाळून लावा, आणि ते लैंगिक संबंधातून आलेलं असेल तर पार्टनरचेही उपचार हवेतच. अंडकोष नॉर्मल पण कळ कमरेतून खाली येते? मुतखडा असू शकतो. जांघेत कडक फुगवटा आणि उलट्या, म्हणजे अडकलेला हर्निया, तोही इमर्जन्सीच. डायबेटिसवाल्याची तिथली कातडी काळी पडत असेल तर एक तासही थांबायचं नाही.

आणि न दुखणारी कडक गाठ लागली तर ती दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका, तरुण वयातला अंडकोषाचा कॅन्सर बऱ्याचदा असाच सापडतो.