वाटण तेच ठेवा, पातेल्यातलं बदला

मटण-चिकन सोडलं की पहिल्या पंधरवड्यात बहुतेक घरांत एकच होतं. रस्सा जातो आणि त्याच्या जागी बटाटा येतो. दुपारी पोळी-बटाटा, रात्री पोळी-बटाटा, मधे एखाद्या दिवशी पनीर. तिसऱ्या रविवारी माणूस पुन्हा खाटकाच्या दुकानापाशी उभा! यात मनाचा कच्चेपणा कमी आणि स्वयंपाकाची आखणी चुकल्याचा भाग जास्त असतो. जिभेला हवं असतं भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, वर आलेली तर्री आणि दाताखाली येणारं काहीतरी. पोटाला हवी असतात प्रथिनं. बटाट्याच्या भाजीत दोन्ही नाहीत.

इंदुरात शाकाहारी होणं सोपं वाटतं, कारण गाव खाण्याचं आहे आणि सराफ्यात, म्हणजे इथल्या रात्रीच्या खाऊबाजारात, जे मिळतं ते जवळजवळ सगळं शाकाहारीच. पण कचोरी, गराडू (तळलेला कंद), साबुदाण्याची खिचडी ही चवीची चैन आहे, जेवण नव्हे. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच, शंभर ग्रॅमला एक ग्रॅमही भरत नाहीत. ‘शाकाहारी झालो आणि वजन वाढलं’ म्हणणाऱ्यांच्या ताटात शेव आणि तळण किती येतं, ते आधी बघावं.

हिशेब एकदाच करून ठेवा. निरोगी माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 0.83 ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. तीस ग्रॅम कोरड्या डाळीचं घट्ट वरण सहा-सात ग्रॅम देतं. दोन पोळ्या सहा-सात, वाटीभर दही पाच, मूठभर (तीस ग्रॅम) शेंगदाणे सात-आठ, शंभर ग्रॅम पनीर अठरा. सोयाबीनची बडी (सोया चंक्स) सगळ्यांच्या पुढे, शंभर ग्रॅमला पन्नासच्या आसपास. सकाळी शेंगदाणे घातलेले पोहे आणि पेलाभर दूध, दुपारी वरण, तीन पोळ्या, भाजी, दही, रात्री मटकीची उसळ आणि दोन भाकऱ्या, एवढ्यात पन्नास भरतात. वरण मात्र घट्ट हवं. ताटात गोल फिरणारं पिवळं पाणी या हिशेबात धरू नका.

वाटण

हे रविवारी करून ठेवलं की आठवडा निघतो. अर्धा किलो कांदे उभे, पातळ चिरा. लोखंडी कढईत तीन मोठे चमचे तेल तापवून कांदा घाला आणि वर चिमूटभर मीठ टाका, म्हणजे त्याचं पाणी लवकर सुटतं. मध्यम आचेवर अठरा-वीस मिनिटं लागतात. कांदा गुलाबी झाला की बरेच जण गॅस बंद करतात, आणि मग रस्सा गोडसर लागतो, लग्नातल्या पनीरच्या भाजीसारखा. कांदा चांगला तपकिरी होऊन कडा किंचित कुरकुरीत व्हायला हव्यात.

शंभर ग्रॅम सुकं खोबरं किसून वेगळं भाजा, मंद आचेवर, चार-पाच मिनिटं. बिस्किटाचा रंग आला की लगेच ताटात काढा. गरम कढईत राहिलेलं खोबरं गॅस बंद केल्यावरही भाजतच राहतं आणि कडवट होतं. हा कडवटपणा पुढे कशानेही जात नाही, गूळ घालूनही नाही. ते खोबरं टाकून द्यावं. मग त्याच कढईत एक मोठा चमचा धणे, एक चमचा जिरं, एक चमचा खसखस, आठ-दहा मिरी, चार लवंगा, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, दोन मसाला वेलच्या आणि थोडं दगडफूल वास सुटेपर्यंत परता. पंधरा लसूण पाकळ्या, दोन इंच आलं आणि मूठभर कोथिंबीर कच्चीच घ्या.

आधी खोबरं आणि खडा मसाला कोरडाच वाटा, मग कांदा, आलं-लसूण, कोथिंबीर. पाणी जमेल तेवढं कमी. पाणी जास्त झालं तर वाटण परतताना उडतं, तेल सुटायला दुप्पट वेळ घेतं आणि फ्रीजमध्ये तिसऱ्या दिवशी आंबतं. कोरडसर वाटण डब्यात दाबून वर चमचाभर तेल सोडलं तर पाच दिवस टिकतं, आणि बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवलं तर महिनाभर. एवढ्यात चार माणसांचे तीन-चार रस्से होतात.

रस्सा करताना तीन मोठे चमचे तेल, त्यात वाटणाचा चौथा हिस्सा, आठ-दहा मिनिटं परतणं. कडेने तेल दिसलं की आच अगदी बारीक करून हळद आणि दोन चमचे तिखट, दहा सेकंद, आणि लगेच कढत पाणी. तर्री येत नाही अशी तक्रार असते, तिथे वाटण अर्धवट परतलेलं असतं किंवा तेलात हात आखडलेला असतो. रोज तर्री खायची नाही हे खरं, पण रविवारी काटकसर केली तर सोमवारी मन पुन्हा भरकटणार.

पातेल्यात काय घालायचं

सोयाबीनची बडी. इंदुरात हिचं वेगळं कौतुक सांगायला नको, सगळा माळवा सोयाबीन पिकवतो आणि देशाची सोयाबीन संशोधन संस्थाही इथेच आहे. तरी घराघरांत बडीला नाक मुरडतात, कारण ती नीट तयार केलेली नसते. चौघांना शंभर ग्रॅम बडी घ्या. भरपूर पाण्यात एक चमचा मीठ घालून पाच मिनिटं उकळा, दहा मिनिटं झाकून ठेवा. पाणी ओतून टाका, गार पाण्यात घाला आणि दोन्ही तळव्यांत धरून घट्ट पिळा. पुन्हा गार पाणी, पुन्हा पिळा, तीनदा. पहिल्या पिळण्यातलं पाणी पिवळट आणि फेसाळ असतं, तिसऱ्यातलं जवळजवळ स्वच्छ. तो कच्चट वास त्या पिवळ्या पाण्यातच असतो. पिळलेली बडी स्पंजासारखी असते, आता ती जे द्याल ते पिते. चार मोठे चमचे दही, हळद, तिखट, मीठ, आलं-लसूण लावून वीस मिनिटं ठेवा. मग थोड्या तेलात कडा लालसर होईपर्यंत परता आणि शेवटी रश्श्यात फक्त सात-आठ मिनिटं. अर्धा तास उकळत ठेवली तर रबर होते. बडीचा चुरा मिळतो, त्याचा मटार घालून खिमा-पाव होतो. मुलांना बहुधा हाच आधी आवडतो.

काळे चणे. आमचं मत विचारलं तर मटणाच्या रश्श्याची जागा घ्यायला याच्याइतकं दमदार दुसरं काही नाही. दोनशे ग्रॅम चणे आठ-दहा तास भिजवून, ताज्या पाण्यात मीठ आणि हिंग घालून कुकरला सहा-सात शिट्ट्या, मग मंद आचेवर दहा मिनिटं. शिजवलेलं पाणी मोरीत ओतू नका. मटणाच्या अळणी पाण्याचं काम तेच करतं. रश्श्यात कढत पाण्याऐवजी हे घालायचं आणि डावभर चणे वाटून मिसळायचे, म्हणजे रस्सा अंगाशी येतो. सियागंजातून घाऊक चणे आणत असाल तर आधी अर्धा किलोच आणून शिजवून बघा. जुना माल कितीही शिट्ट्या दिल्या तरी आत खडखडीत राहतो.

फणस, म्हणजे मंडीतला ‘कटहल’. उन्हाळ्यात चोइथराम मंडीत कोवळा मिळतो. दाबून बघा, टणक आणि बिया मऊ असलेला हवा. हाताला आणि विळीला तेल लावल्याशिवाय हात घालू नका, चीक दोन दिवस सुटत नाही. दीड इंचाचे तुकडे हळदीच्या पाण्यात टाका, एक शिट्टी द्या, कोरडे करून तेलात परता, मग रस्सा. धागे सुटतात, दाताला तसंच लागतं, पाहुणे फसतात. पण फणसात प्रथिनं जेमतेम. त्या दिवशी ताटात वरण किंवा दही हवंच, हे विसरून लोक ‘मटणासारखंच तर खाल्लं’ म्हणतात आणि दोन तासांनी फ्रीज उघडतात.

पाटवडी अगदी वेळेवर सुचली तरी जमते. एक वाटी बेसन पाऊण वाटी गार पाण्यात कालवा, गाठी राहू देऊ नका. हिंग-मोहरी-लसणाच्या फोडणीत एक वाटी पाणी उकळून त्यात हे ओता आणि सतत ढवळा, गोळा कढई सोडू लागला की झाकून पाच मिनिटं वाफ. तेल लावलेल्या ताटात थापून पंधरा मिनिटांनी वड्या पाडा. वड्या वाढताना वाटीत ठेवून वरून रस्सा घाला. पातेल्यात उकळल्या की पिठलं झालंच समजा.

राजमा करणार असाल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. भिजवलेला राजमा खळखळून दहा मिनिटं तरी उकळायला हवा. मंद आचेवर कोमट शिजलेल्या, अर्धकच्च्या राजम्यातल्या लेक्टिन नावाच्या विषारी प्रथिनामुळे उलट्या होतात. कुकरमध्ये ही भीती नाही.

सकाळ

नुसते पोहे-जिलबी खाऊन निघालात तर साडेदहाला पोट ओरडतं. त्यावर गावातच उतारा आहे, उसळ-पोहे. जाडे पोहे धुऊन निथळा, बडीशेप, मोहरी, हळद, किंचित साखर घालून कमी तेलात परता आणि उकळत्या पाण्यावर ठेवून वाफवत राहू द्या, म्हणजे तासाभरानेही मऊ राहतात. वर डावभर मटकीची किंवा वाटाण्याची झणझणीत उसळ, कांदा, जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा इंदुरी मसाला), लिंबू. शेव चिमूटभर.

मटकी आठ तास भिजवून पूर्ण निथळा आणि फडक्यात बांधा. मे महिन्यात बारा तासांत मोड येतात. डिसेंबरात पूर्ण दिवस लागतो आणि तोही पुरचुंडी झाकलेल्या डब्यात, गॅसशेजारी ठेवली तर. चिकट आणि आंबूस झाली म्हणजे पाणी राहिलं होतं. मोडाची मटकी कुकरमध्ये घालू नका, झाकण ठेवून दहा मिनिटांत शिजते.

डाळ शिजत नाही, पोट फुगतं

इंदूरच्या पुष्कळ कॉलन्यांत बोअरिंगचं पाणी येतं, आणि ते जड असतं. त्यातला चुना कडधान्याच्या सालीत बसतो आणि ती मऊ होऊ देत नाही. भिजवायला आणि शिजवायला नर्मदेचं नळाचं पाणी वेगळं भरून ठेवा. टोमॅटो, चिंच, आमसूल शिजल्यावरच घाला, आंबटानेही दाणा आखडतो. खायचा सोडा अगदीच अडलं तर, पाव किलोला दोन चिमट्या. जास्त घातला तर साबणासारखी चव येते आणि ब जीवनसत्त्वही नासतं.

एकदम रोज वाटीभर कडधान्य सुरू केलं तर गॅस होणारच. पहिल्या आठवड्यात मूग आणि मसूर, पुढे मटकी, तिसऱ्या आठवड्यात चणे-राजमा असं चढत जा. भिजवलेलं पाणी फेकून द्या आणि हिंग फोडणीत सढळ हाताने घाला.

लोहाचं गणित थोडं वेगळं आहे. डाळी-पालेभाज्यांतलं लोह शरीर मांसातल्यापेक्षा कमी उचलतं, आंबट फळांच्या ‘क’ जीवनसत्त्वाने ते वाढतं, चहाने घटतं. म्हणून उसळीवर लिंबू पिळणं चवीपुरतं नाही, आणि जेवणावर लगेच चहा नको, तासभर जाऊ द्या. बी-12 वनस्पतींत भरवशाने मिळत नाही. इडली-ढोकळा आंबवलेला असतो म्हणून त्यात ते असतं, हा गैरसमज आहे. दूध-दही रोज असेल तर काही प्रमाणात भागतं. तेही सोडणार असाल तर डॉक्टरांना विचारून गोळी लागेलच. हातापायांना मुंग्या येत असतील तर रक्त तपासून घ्या, थांबू नका.

बाहेरच्या पाकिटावर हिरवा ठिपका बघा, मांसाहाराची खूण आता तपकिरी त्रिकोण आहे. जेलीच्या गोळ्यांत जिलेटिन (जनावरांच्या हाडा-कातड्यापासून केलेलं) असू शकतं आणि चायनीजच्या गाडीवर ‘व्हेज’ला कधीकधी तोच झारा आणि तेच तेल.

घरात एकच जण शाकाहारी असेल तर

दोन स्वयंपाक करायची गरज नाही. वाटण एकाच कढईत तेल सुटेपर्यंत परता आणि मांस त्याला लागण्याआधी अर्धं दुसऱ्या पातेल्यात काढा. तुमच्या पातेल्यात चणे आणि त्यांचं पाणी, त्यांच्या कढईत मटण. डाव वेगळा ठेवा. आधी तुमचं पातेलं उतरवून झाकून ठेवा, कारण घाईत एकदा चुकीचा डाव बुडला की ते पातेलं त्यांचंच.